पाणथळीवरचं मेहूण

"डावीकडे बघ. त्या बाभळीच्या अंगाला. एकटीच येतेय," हे म्हणाले आणि गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

मला वाटलं, पक्षी. नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात येऊन आम्हाला पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. मी मनातल्या मनात नमस्कार करून दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी नुसता धूर दिसला, मग माझ्याच पापण्या दिसल्या, आणि मग एकदम, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, आमच्या शकूवन्सं दिसल्या. एका हातात पिशवी, पदर कमरेला खोचलेला आणि तोंड चालू. शेजारी कुणी नसताना तोंड चालू होतं, त्यावरून मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"भाऊसाहेब कुठायत?" मी म्हटलं.

"काय?"

"भाऊसाहेब."

"अगं, जरा मोठ्यानं बोलत जा. तुझं बोलणं फक्त देवाला ऐकू जातं."

तोवर वन्सं येऊन ठेपल्या होत्या. त्यांना कुणी विचारावं लागत नाही.

"आले नाहीत. येणार नाहीत. काल मळ्यात हुरडा खाल्ला. खाल्ला म्हणजे हाणला. सकाळपासून घरातल्या घरात येरझारा चालल्यात, फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मी म्हटलं, अहो, आज मेहूण म्हणून जेवायचंय, वहिनीचं उद्यापन आहे. तर म्हणतात कसे, माझ्या वाटचं तूच जेव."

सकाळपासूनचा उपास मला तेव्हा पहिल्यांदा जाणवला.

तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. त्या उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ह्यांना आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून देवीला सांगितलं होतं, की माणूस आपल्या पायांनी घरी आला तर मार्गशीर्षातले सगळे गुरुवार करीन, आणि शेवटच्या गुरुवारी मेहूण जेवू घालीन. आमच्या सासूबाईंची पद्धत अशी, की दिवस मावळायच्या आत नवराबायकोची जोडी पानावर बसली पाहिजे, आणि त्यांच्या मागून आपण उपास सोडायचा, तोही दिवस असतानाच. त्यात काही राहिलं तर काय होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे मला जास्त भीती वाटायची.

आणि माणूस आपल्या पायांनी घरी आला, तो थांबेचना. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं, ह्यांनी दुर्बीण घेतली. शनिवार-रविवारी गर्दी असते म्हणून नेमका गुरुवार धरला. मी म्हटलं, माझं उद्यापन आहे. हे म्हणाले, तिथेच कर, शकू निफाडला राहते, ती दोघं तिकडे येतील, देवीला पाणथळ आवडत नाही असं कुठे लिहिलंय? मला उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचतात.

निघताना ह्यांनी माझी लाल साडी बदलायला लावली. म्हणे, रानात मातकट रंग घालावा, पक्षी बिचकतात. हिरव्या बांगड्यांकडे बघून म्हणाले, "या वाजतात." मंगळसूत्राकडे बघून म्हणाले, "हे चकाकतं." मी म्हटलं, त्याला हात लावाल तर मी घरी थांबते, मग पक्षी तुम्ही एकटेच बघा. साडी मात्र बदलली. तर अशी मी, चिखलाच्या रंगाची साडी नेसून, पुरणपोळ्यांचा डबा, कटाच्या आमटीची बरणी, तुपाचं भांडं, पत्रावळी, नारळ, खण, हळदीकुंकवाचा करंडा आणि अर्धं मेहूण एवढं घेऊन अभयारण्याच्या दारात उभी होते.

"मी आणि दादा बसतो की पानावर," वन्सं म्हणाल्या.

"भाऊबहिणीचं मेहूण?"

"मग तुमच्या गाडीचा ड्रायव्हर?"

"त्याची बायको सिन्नरला असते."

"मग शोध," वन्सं म्हणाल्या. "एवढं मोठं रान आहे. एक जोडपं सापडायला काय हरकत आहे?"

एक सापडलं. बंधाऱ्यापलीकडच्या पायवाटेवर मोटरसायकल लावून एक मुलगा आणि एक मुलगी पाण्याकडे तोंड करून बसली होती. मी हळूच त्यांच्या मागे गेले आणि माझ्या आवाजात म्हटलं, "अहो, ऐकता का?" मुलीनं मागे वळून माझं कपाळ बघितलं, माझ्या मागून लगबगीनं येणाऱ्या वन्सं बघितल्या, आणि किंचाळून म्हणाली, "काकूनं पाठवलं तुम्हाला?" मी मेहूण म्हणेपर्यंत मोटरसायकल दिसेनाशी झाली होती.

"लग्न झालेलं नव्हतं," वन्सं धापा टाकत म्हणाल्या. "मी चालण्यावरून ओळखलं."

"ती बसलेली होती, वन्सं."

"मग बसण्यावरून."

हे केव्हाच मनोऱ्यावर जाऊन बसले होते. पाण्याच्या कडेला लोखंडी जिन्याचा एक उंच मनोरा आहे, वर छप्पर, बसायला बाक. आम्ही वर गेलो तर वन्संचा पहिलाच शब्द निघाला आणि कोपऱ्यातून कुणीतरी "शूऽऽ" केलं. वन्संना कुणी "शू" केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनीही पाहिलं नसावं, कारण त्या खरोखरच गप्प बसल्या.

कोपऱ्यात एक गृहस्थ आणि एक बाई बसली होती. दोघांची साठी आलेली. गृहस्थांच्या डोक्याला कापडी टोपी, बाईंच्या अंगात राखी सलवार-कमीज आणि वर पुरुषी स्वेटर. दोघांच्या मध्ये थर्मास.

"इकडे ये," हे कुजबुजले. "तुझ्यासाठी खास. ते बघ, बदकांची जोडी. चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल. हळदी-कुंकू बदक म्हणतात."

"खरंच?"

"नावच ते आहे."

"जोडीनं आहेत ना?" वन्संनी कानाशी विचारलं. "मग त्यांनाच वाढ."

मला हसू आलं, पण लक्ष माझं कोपऱ्याकडे होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि मी माणसं निरखत होते. आता सांगताना मला माझीच कीव येते, पण त्या वेळी मी अगदी विचारपूर्वक, एकेक पुरावा गोळा केला.

पहिलं म्हणजे, ते भांडत होते.

"थापट्या आहे तो."

"थापट्याची चोच अशी असते होय?"

"उजेड मागून येतोय म्हणून तशी दिसते."

"मागच्या गुरुवारीही उजेडच चुकला होता. कधीतरी आपण चुकलो म्हणावं माणसानं."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी हे संभाषण इतक्या वेळा ऐकलं होतं, फक्त त्यात बदक नसायचं. दुसरं म्हणजे, भांडता भांडता गृहस्थांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि बाईंनी न बघता हात पुढे केला. तिसरं, एवढ्या वेळात दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारली नाही. आमच्या पिढीतल्या जोडप्यांची ती खूणच.

राहता राहिलं कपाळ आणि गळा. बाईंच्या कपाळाला कुंकू नव्हतं, गळ्यात काही नव्हतं, हातात फक्त घड्याळ. पण त्याचं उत्तर तर मला घरातूनच मिळालं होतं. चकाकतं, वाजतं, पक्षी बिचकतात. मी मनात म्हटलं, बघा, खऱ्या पक्षी बघणाऱ्या बायका कशा नेमानं सगळं काढून येतात. आणि आपण मंगळसूत्रासाठी भांडलो. मला चक्क लाज वाटली.

मी पदर सावरला आणि त्यांच्यापाशी जाऊन वाकले.

"एक विनंती होती," मी म्हटलं. "आज माझं उद्यापन आहे. तुम्ही दोघं आमच्याकडे मेहूण म्हणून जेवाल का? दिवस मावळायच्या आत बसलं पाहिजे. पुरणपोळी आहे."

गृहस्थांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांनी माझ्याकडे नाही, बाईंकडे बघितलं, आणि बघता बघता त्यांचे कान लाल झाले.

"अहो, त्याचं काय आहे, आम्ही..."

"किती वाजता?" बाईंनी मला विचारलं.

"तुमचे पक्षी बघून झाले की."

"मग आत्ताच बसू. दिवस मावळताना क्रौंच उतरतात, तेव्हा वर असायला हवं." त्या उठल्यासुद्धा.

"पण ऐका," गृहस्थ म्हणाले, "यांना आपण आधी..."

"तुम्हाला भूक नाही?"

"आहे."

"मग झालं तर."

असं फटकन तोडलेलं बोलणं ऐकलं आणि माझी उरलीसुरली शंका गेली. जिना उतरताना गृहस्थ मला म्हणाले, "इथे इतके लोक येतात, पण आजवर एवढ्या हळू बोलणारं कुणी आलं नाही. तुमच्यामुळे एकही पक्षी उडाला नाही." मी रोज सकाळी माळ ओढताना अहंकार नको म्हणून मागते. त्या जिन्यावर तो मला पुरेपूर आला.

मनोऱ्याखाली चिंचेच्या सावलीत मी चटई घातली. रांगोळीची दोन बोटं ओढली, पत्रावळी मांडल्या. दोघांना पूर्वेकडे तोंड करून बसवलं. गृहस्थांना गंध लावलं. बाईंना हळद लावली. कुंकवाचं बोट कपाळाशी नेलं तर त्यांनी डोळे इतके घट्ट मिटले, की मला वाटलं, कुंकू डोळ्यात जाईल म्हणून भ्यायल्या. मी अगदी जपून लावलं. त्यांनी डोळे उघडायला बराच वेळ घेतला.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"आधी ओटी," मी म्हटलं. "मग निवांत बोलू."

"ते आधीच सांगायला हवं."

"ओटीच्या मध्ये बोलू नये." हा नेम मी तिथल्या तिथे केला. मला घाई झाली होती.

त्यांना पदर नव्हता, ओढणीही नव्हती. मी नारळ, तांदूळ, खण ओंजळीत घेऊन उभी. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि गृहस्थांच्या डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली.

"टोपीत ओटी!" वन्सं म्हणाल्या. "हे बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

"रान आहे, शकू," हे म्हणाले. "इथं पदर कुठून आणणार?"

मी वाढलं. ह्यांना आणि वन्संनाही वाढलं. गृहस्थ आणि बाई, दोघांनी पोळी मोडून एकेक घास खाल्ला आणि दोघांच्या चेहऱ्यावर ते समाधान आलं, ज्यासाठी मी पहाटे उठून पुरण वाटते. मी हात जोडले. देवी, पोचलं बरं का.

"थांबा, थांबा, थांबा!" वन्सं ओरडल्या. "नाव कुठे घेतलंत? नाव न घेता जेवायला लागलात! आमच्यात चालत नाही. मी घेते, बघा, म्हणजे तुम्हाला धीर येईल." त्यांनी घसा साफ केला.

"निफाडच्या थंडीला शेकोटीची ऊब,
भाऊसाहेबांनी काल हुरडा खाल्ला खूप."

हे इतके हसले की मला त्यांच्या टाक्यांची काळजी वाटली.

"आता तुम्ही," वन्सं बाईंना म्हणाल्या.

"मला नाही येत."

"यमक नको. नुसतं नाव घ्या. नवऱ्याचं नाव घ्यायला काय लागतं?"

बाईंनी घास पानावर ठेवला.

"माझ्या नवऱ्याचं नाव सुधाकर," त्या म्हणाल्या. "सुधाकर कर्णिक. ते जाऊन बरीच वर्षं झाली. हे गद्रे. हे मला गुरुवारी बदकं ओळखायला शिकवतात. चुकीची."

"चुकीची नाही," गद्रे पानात बघत म्हणाले.

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो तसाच राहिला. पाण्यावर कुठेतरी एक पक्षी एकसारखा ओरडत होता आणि मला वाटलं, तो मलाच विचारतोय, काय केलंस? मी कर्णिकबाईंच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू चांगलं ठसठशीत बसलं होतं. माझं बोट कधी हलत नाही.

"तुम्हाला मघाशी सांगत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, आधी ओटी."

"अगं बाई!" वन्संना आवाज सापडला. "म्हणजे हे मेहूण नाहीच! वहिनी, हे मेहूणच नाही! ही दोन वेगवेगळी माणसं आहेत!"

"आपण सगळीच वेगवेगळी माणसं आहोत, शकू," हे म्हणाले.

"तू गप्प बस, दादा. तुझ्याच जिवाचा प्रश्न आहे आणि तू पोळी खातोयस."

"गार होईल म्हणून खातोय."

मला ह्यांच्याकडे बघवेना. ह्यांच्या शर्टाच्या वरच्या बटणाशी ती उभी खूण थोडीशी दिसायची. देवीला सांगताना मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं, मेहूण जेवू घालीन. आणि आणून बसवलं काय, तर ही दोन परकी माणसं, ज्यांना मी भांडणावरून जुळवलं होतं. दुसरं जोडपं शोधायला वेळ कुठे होता? ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत आलं होतं.

"माझं चुकलं," कर्णिकबाई म्हणाल्या. त्यांनी स्वेटरच्या बाहीतून रुमाल काढला. "मी हे पुसून टाकते. ओटीही परत घ्या. पोळी मात्र अर्धी खाल्लीय, ती परत करता यायची नाही."

त्या हसल्या, पण रुमालाचा हात कपाळाकडे निघाला होता.

अशा वेळी बोलण्यासारखं खूप काही असतं. मी एवढ्या पोथ्या वाचते, एवढी कीर्तनं ऐकते, त्यातलं एक वाक्य जरी आठवलं असतं तरी प्रसंग शोभून दिसला असता. माझ्या तोंडून निघालं, "तूप वाढू का?"

"अं?"

"पोळीवर तूप कमी दिसतंय." आणि मी वाढायलाच लागले. पानात तूप पडायला लागलं की माणूस दोन्ही हातांनी "पुरे, पुरे" करतो. त्यात त्यांचा रुमाल मांडीवर पडला, आणि कुंकू राहिलं.

"वहिनी!" वन्सं म्हणाल्या. मग त्या पाण्याकडे बघत बसल्या. आमच्या वन्सं विचार करतात तेव्हा त्यांचे ओठ हलतात. सूर्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, पानावरच्या दोघांकडे बघितलं.

"आता एकच मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं लग्न करा."

गद्र्यांना ठसका लागला. ह्यांनी त्यांची पाठ चोळली.

"हसण्यावारी नेऊ नका. मेहूण म्हणून पानावर बसलात. गंध लावून घेतलंत, ओटी घेतलीत, घास घेतलात. आता मेहूण व्हा. माझ्या भावाचं काळीज डॉक्टरांनी उघडून परत शिवलंय. तुमच्यापायी ते उसवलेलं मला चालणार नाही. तुम्ही दोघं मोकळी आहात ना? मग अडचण काय आहे?"

"ताई," गद्रे ठसक्यातून म्हणाले, "अडचण माझी नाहीच हो. मी गेल्या वर्षी विचारलंय. याच मनोऱ्यावर. या म्हणाल्या, क्रौंच आले की सांगते. क्रौंच आले. क्रौंच गेले. उन्हाळा आला, पाणी आटलं. पुन्हा क्रौंच आले. मी कितीदा विचारणार? माणसाला काही लाज आहे."

"आज सांगितलं की," कर्णिकबाई म्हणाल्या.

"काय सांगितलं?"

"हो म्हणून."

"कधी?"

"मघाशी, वर. या बाईंनी विचारलं, दोघं मेहूण म्हणून जेवाल का. मी म्हटलं, किती वाजता."

गद्र्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत त्यांच्याकडे.

"मला वाटलं, तुम्हाला भूक लागलीय."

"तीही होतीच."

गद्रे पोळीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोडत राहिले.

"वर्षभर मी विचार करतेय, की कुणाकुणाला कसं सांगायचं," कर्णिकबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मुलगी आहे, दीर आहेत, आमच्या चाळीतल्या सगळ्या आहेत. माझ्या डोळ्यांसमोर नेहमी एकच बाई यायची. अशी नेमधर्माची, मोठ्या कुंकवाची, जिला हे कधी पटायचं नाही. आणि आज तीच समोरून आली आणि म्हणाली, तुम्ही दोघं. मी काय करणार होते?"

त्यावर मी पुन्हा तूपच वाढलं. मला दुसरं काही येत नाही.

पुढचं सांगून टाकते. ते लग्न फेब्रुवारीत नोंदणी पद्धतीनं झालं, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त खपल्या त्या आमच्या वन्सं. कर्णिकबाईंच्या दिराकडे त्या स्वतः गेल्या आणि, भावाच्या जिवाचा प्रश्न आहे, असं काहीतरी बोलून त्या बिचाऱ्याला गप्प करून आल्या. साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "सुटलं गं बाई तुझं व्रत." हे त्यानंतर खूप जगले, अजून जगतायत, अजून माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून कुरकुरतायत. काही दुखलंखुपलं की वन्सं निफाडहून फोन करून सांगतात, त्या दिवशी थांबली असतीस तर हे झालं नसतं.

कारण त्या दिवशी वन्सं मला म्हणाल्या होत्या, "तू मात्र आत्ता जेवायचं नाहीस, वहिनी. मेहूण अजून कच्चं आहे. लग्न लागेल तेव्हा उपास सोड."

"तोवर?" मी म्हटलं.

"तोवर फळं खा."

त्या संध्याकाळी मला फेब्रुवारी दिसत नव्हता. मला दिसत होतं ते ऊन, जे चिंचेच्या बुंध्यावरून चढत चढत शेंड्याकडे निघालं होतं. तेवढ्यात पाण्यापलीकडून आवाज आला. खूप लांबून, शंखात कुणीतरी अडखळत फुंकर घालावी तसा. एक, मग अनेक.

"क्रौंच!" गद्रे उठले. हात धुवायलाही थांबले नाहीत. हे त्यांच्या मागे. मला ओरडून सांगायचं होतं, जिना सावकाश चढा. पण हे सावकाश चढत नव्हतेच, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. कर्णिकबाईंच्या मागोमाग वन्संही पदर खोचून निघाल्या. वळून मला म्हणाल्या, "लक्षात ठेव हं."

मी एकटी उरले, समोर उष्ट्या पत्रावळी. जिन्याचं लोखंड वाजत होतं आणि त्यावरून मी ह्यांची पावलं मोजत होते. सगळी पावलं वर पोचली. मग ह्यांचा आवाज आला, "अरे, केवढे आहेत हे!" आणि तो आवाज दवाखान्यातल्या त्या बाकावरच्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच इतका भरलेला ऐकला.

मी विचार करायचा प्रयत्न केला. थांबायचं, म्हणजे ही दोघं मेहूण नव्हेत असं म्हणायचं. मग मी जिच्या कपाळाला बोट लावलं, ती कोण? आणि जेवायचं, म्हणजे ही दोघं मेहूण होती असं देवीला माझ्या तोंडानं सांगायचं. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. देवी बोलत नाही. वन्सं बोलतात, पण त्या वर होत्या.

मी पत्रावळ ओढून घेतली. पोळी वाढून घेतली. हात जोडून म्हटलं, "देवी, मी आपली मला दिसलं ते केलं. आता ह्यांचं तुम्ही बघा."

"एकट्याच बसलात?"

कर्णिकबाई जिना उतरून आल्या होत्या. त्या माझ्यासमोर, मघाच्या आपल्याच पानावर येऊन बसल्या.

"तुम्ही इथे कशा? क्रौंच उतरतायत ना?"

"ते बघतायत. मला सांगतील नंतर. चुकीचं सांगतील, पण सांगतील." त्यांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि माझ्या पोळीवर तूप सोडलं. "जेवा. दिवस चाललाय."

मी पाण्याकडे पाठ करून बसले होते. डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज गेला. कर्णिकबाईंनी वर बघितलं, मी बघितलं नाही. मला पानात बघणं भाग होतं. इतक्या लांब येऊन, इतकी साडी बदलून, जे बघायला आले होते ते माझ्या पाठीमागे उतरत होतं, आणि मी पुरणपोळी मोडत होते.

पहिला घास मी डोळे मिटून घेतला. तो आत गेला तेव्हा चिंचेच्या शेंड्यावर ऊन होतं, हे मी लगेच बघून घेतलं. तो घास व्रताचा होता. बाकीची पोळी मी नुसती भूक लागली होती म्हणून खाल्ली.